सातवा तुकडा

पत्र चार ओळींचं होतं. खुर्चीवर नमुन्यांच्या पिशव्या पडल्या होत्या, म्हणून मी ते संगणकापुढे उभ्यानेच वाचलं. लिहिणारा दुसऱ्या एका संस्थेतला संशोधक होता. नाव कधी ऐकलेलं नव्हतं, भाषा मात्र इतकी अदबशीर की पहिल्याच ओळीला मी सावध झाले. माणसं उगीच इतकी नम्र होत नाहीत. ‘तुमच्या जागेपासून चाळीस किलोमीटरवर आम्ही समुद्रतळाच्या गाळाचा नवा गाभा काढला आहे. आमच्या गाभ्यात तुमच्या आलेखातला दात सापडत नाही. मात्र तुमच्या गाभ्याचा सातवा तुकडा उलटा धरला, तर दोन्ही आलेख तंतोतंत जुळतात. तो तुकडा चुकून उलटा लावला गेला असण्याची काही शक्यता आहे का?’ खाली क्षमा मागितलेली. मी पत्र बंद केलं, पिशव्या उचलून टेबलावर ठेवल्या, खुर्चीत बसले, आणि मनात पहिली गोष्ट आली ती अशी: सापडलं एकदाचं.

त्या विचारानेच मी जास्त दचकले. पत्राने नाही. कारण ‘छे, कसं शक्य आहे’ असं आधी यायला हवं होतं, मग राग, मग त्या माणसाने किती नमुने मोजले याची चौकशी. अठरा वर्षं ज्या कामावर माझं नाव उभं आहे त्याच्याबद्दल कुणी शंका काढावी आणि आतून कुणीतरी सुटकेचा सुस्कारा टाकावा, हे काही बरं लक्षण नव्हतं. म्हणजे आत कुणीतरी अठरा वर्षं जागं होतं. बाहेर चाळणीच्या यंत्राची घरघर चालू होती. मी सूक्ष्मदर्शकाखाली सकाळची अर्धवट राहिलेली तबकडी सरकवली, ओल्या कुंचल्याच्या टोकाने एक कवच उचलायला गेले आणि ते तीनदा निसटलं. चौथ्यांदा मी कुंचला खाली ठेवून दिला.

आमचा धंदा सांगायला सोपा आहे. समुद्राच्या तळावर गाळ बसत असतो. आमच्या समुद्रात वर्षाला साधारण अर्धा मिलिमीटर. त्यात वाळूच्या कणाएवढे जीव मरून पडलेले असतात, फोरॅम म्हणतात त्यांना. एकेक जीव शंखासारखं कवच करून राहतो. कुणाला थंड पाणी मानवतं, कुणाला कोमट. तळात लांबलचक नळी खुपसून गाळ जसाच्या तसा वर काढायचा, त्यालाच गाभा म्हणतो, त्याचे एकेक मीटरचे तुकडे करायचे, प्रत्येक बोटभर जागेतून चिमूटभर गाळ धुऊन त्यातली तीनशे कवचं ओळखायची आणि मोजायची. कोमट पाण्याची जास्त निघाली की त्या काळी समुद्र कोमट होता. नवरा याला मेलेल्यांची जनगणना म्हणतो. मला हे काम आवडतं, अगदी जिवापाड आवडतं, आणि मी त्यात वाईट नाही. नव्या मुलामुलींना पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट शिकवते: नळी कापण्याआधी तिच्यावर बाण काढा, बाणाचं टोक वरच्या बाजूला, काळ्या शाईने, दोनदा. बाण विसरलेल्या एका मुलाला मी एकदा सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं. पाठीमागे मला ‘बाणबाई’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. बाणांवर मी एवढी का तुटून पडते, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

दात म्हणजे आलेखाचा आकार. सातव्या तुकड्यातली कवचं मोजली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, आणि निघालं ते असं: चौदा हजार वर्षांपूर्वी आमचा समुद्र एका झटक्यात तापला, मग दोन हजार वर्षं हळूहळू परत गारठत गेला, आणि पुन्हा एका झटक्यात तापला. कागदावर ते करवतीच्या दातासारखं दिसायचं. दूरच्या थंड समुद्रांतून असे दात आधी निघाले होते. आमच्या समुद्रातही असावा अशी सगळ्यांचीच मनातून इच्छा होती. फक्त सरांची नव्हती. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. त्यांनी उभी हयात एकच गोष्ट सांगण्यात घालवली होती, की आपला समुद्र सावकाश तापला, एकाच चढणीने, धक्का न बसता. माझ्या दाताने ती चढण मोडून पडली. ज्या सभेत मी ते पहिल्यांदा वाचून दाखवलं, तिथे सर उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘मी चुकलो होतो, हे माझ्याच विद्यार्थिनीने दाखवलं, यापेक्षा जास्त काय मागू.’ टाळ्या पडल्या. मी खाली बघत होते. लोकांना तो विनय वाटला.

कारण त्या तुकड्यातल्या दोन तारखा माझ्याकडे होत्या. तेव्हा कवचांचं वय काढून घ्यायला नमुने बाहेर पाठवावे लागत आणि पाच-पाच महिने वाट पाहावी लागे. तुकड्याच्या मधली तारीख ठीक आली. खालच्या टोकाची मात्र मधलीपेक्षा नऊशे वर्षांनी तरुण निघाली. गाळात खालचा तो म्हातारा, वरचा तो तरुण. आजोबा नातवापेक्षा लहान कसा असेल? मी तो कागद घेऊन सरांच्या खोलीत गेले. त्यांनी तो बराच वेळ बघितला. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, ‘एकदा दुसरा अर्धा बघून ये.’ प्रत्येक तुकडा आम्ही उभा चिरतो. एक अर्धा कामाला वापरायचा, दुसरा हात न लावता थंड भांडारात राखून ठेवायचा. भांडार तेव्हा आवाराच्या दुसऱ्या टोकाला होतं. चालत दहा मिनिटं. मी ‘बघते’ म्हटलं आणि खोलीबाहेर आले. आणि जिन्यात, चौथ्या की पाचव्या पायरीवर, माझ्या मनात आलं की म्हाताऱ्याला माझं बघवत नाही. एवढंच. त्या एका वाक्याला टेकून मी अठरा वर्षं उभी राहिले. शोधनिबंधाच्या तळटीपेत मी लिहिलं: ‘ही तारीख बिळं करणाऱ्या प्राण्यांनी वरचा गाळ खाली नेल्यामुळे बिघडली असावी, विचारात घेतलेली नाही.’ असं होतंही कधीकधी. सरांनी वाचलं आणि सही केली.

मंगळवारी पत्र आलं होतं. बुधवारी मी त्याला उत्तर दिलं नाही, गुरुवारीही दिलं नाही. भांडार आता माझ्याच इमारतीत, दोन मजले खाली आहे. लिफ्टमध्ये शिरले की ते बटण दिसायचं. बुधवारी दुपारी मी ते दाबलंही, दार उघडलं, समोरच्या कोऱ्या भिंतीवरून थंड हवेचा झोत आला आणि मी तशीच वर परत आले. त्या दोन दिवसांत मला जहाज आठवत राहिलं. सकाळची वेळ, डेकवर दोरखंड, माझ्या खिशात ओकारीवर उतारा म्हणून लिंबू. नळी वर आली, तिच्या आतली प्लास्टिकची नळी बाहेर ओढली, करवतीने एकेक मीटर कापायचा. वरच्या टोकाला निळं टोपण, खालच्या टोकाला पांढरं, मग बाण. सहाव्या तुकड्यापर्यंत मला सगळं लख्ख आठवतं. सातव्याला निळी टोपणं संपली. मी खोकं आणायला खाली गेले, परत आले, तुकडा पडला होता तिथे बसले आणि टोपणं लावली. एका आठवणीत तो मी ठेवला होता तसाच, जहाजाच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, डोकं करून पडलेला आहे. दुसऱ्या आठवणीत एक खलाशी त्याला दोरखंडाच्या वाटेतून उचलून पलीकडे ठेवतो आहे. दोन्ही आठवणींना सारखाच खारट वास आहे. दुसरी खरी की तारखेचा कागद आल्यावर मी ती रचली, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

बाबा मुद्रितशोधक होते. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढल्या, आणि आमच्या घरात चूक हा शब्द आजारासारखा हळू आवाजात उच्चारला जायचा. एकदा एका जाड ग्रंथात एक पान त्यांच्या नजरेतून निसटलं, त्यावर दोन ओळींची अदलाबदल झालेली. ग्रंथ बांधून तयार होता. बाबा तीन दिवस धड बोलले नाहीत. आई पाण्याचा पेला पुढे करायची आणि ते त्याच्याकडे कुणा परक्याची वस्तू असल्यासारखे बघायचे. मला वाटायचं, चूक म्हणजे मरणच. पण त्या गोष्टीचा शेवट मी विसरले होते, तो मला गुरुवारी संध्याकाळी बसथांब्यावर, काही कारण नसताना आठवला. चौथ्या दिवशी त्यांनी मालकांना स्वतः जाऊन सांगितलं, शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत चिकटवली गेली, आणि त्या संध्याकाळी बाबा जिना चढताना शीळ घालत होते. आई दारात उभी राहून म्हणाली, ‘आज स्वारी खुशीत?’ ते म्हणाले, ‘चिकटवली. पाचशेच्या पाचशे.’ माझी बस येऊन गेली. मी तिथेच उभी होते.

घरी नवऱ्याने ताटं मांडली होती. तो भूलतज्ज्ञ आहे. दिवसभर लोकांना झोपवतो आणि परत उठवतो, त्यामुळे माणूस जागा आहे की नाही हे त्याला चेहऱ्यावरून कळतं. ‘तो पेला तू तिसऱ्यांदा विसळते आहेस,’ तो म्हणाला. मी नळ बंद केला आणि सगळं सांगितलं, तारखेसकट. तारखेबद्दल मी त्याला लग्नाच्या सतरा वर्षांत सांगितलं नव्हतं. तो जेवायचा थांबला नाही. सांगणाऱ्याला बरं वाटावं म्हणून तो तसं करतो.

‘टेबलावर रुग्ण असताना मला शंका आली तर मी काय करतो?’ त्याने विचारलं.

‘काय?’

‘बघतो. तेवढंच करता येतं. शंका घेऊन उभं राहिलं तर माणूस जातो.’

‘इथे कोण जाणार आहे?’

‘इथे कुणी जात नाही म्हणून तर अठरा वर्षं निघाली.’ मग थोडं थांबून म्हणाला, ‘कमाल आहे. भूल देणारा मी, आणि घेऊन झोपलेली तू.’

मला हसू आलं, आणि हसता हसता कळलं की मला भांडाराची तेवढी भीती वाटत नव्हती. तुकडा उलटा असेल तर असेल. भीती होती ती जिन्यातल्या त्या पायरीची. तुकडा उलटा असेल तर सरांनी मला सरळ गोष्ट सांगितली होती, आणि मी त्यांच्याबद्दल जे ठरवलं ते वाईट होतं. निवृत्तीनंतर मी त्यांच्याकडे वर्षातून दोनदा जायचे, कामासारखी, घड्याळ बघत. त्यांना ते कळत नसेल असं थोडंच आहे.

शनिवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. तिसरा मजला, स्वयंपाकघराला लागून मोठी खोली, आणि त्या खोलीत जेवणाच्या टेबलापेक्षा मोठं कापड बेतायचं टेबल. काकू, म्हणजे सरांची बायको, अजून शिवण शिकवतात. त्या पिवळसर पातळ कागदावर बाहीचा आराखडा कापत होत्या. सर खिडकीशी बसले होते. गुडघ्यावर पट्टा, कानात यंत्र. मी वाटेत वाक्यं जुळवून आणली होती. ती मी म्हटली. सरांनी कानातलं यंत्र काढलं, फुंकलं, परत बसवलं आणि म्हणाले, ‘आता परत सांग. पहिलं काही ऐकू आलं नाही.’

तेव्हा ते मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं, मोठ्या आवाजात, जुळवलेली वाक्यं सोडून. पत्र आलंय. सातवा तुकडा उलटा असू शकतो. ती तारीख आठवते? तुम्ही बघून ये म्हणाला होतात, मी गेले नाही.

‘माहीत आहे,’ सर म्हणाले. ‘भांडाराच्या वहीत तुझी सही नव्हती.’

‘तुम्ही वही बघितलीत?’

‘दर आठवड्याला. वर्षभर बघत होतो.’

मी खाली बघितलं. मग म्हटलं, ‘मला वाटलं होतं, तुम्हाला माझं बघवत नाही.’

काकूंची कात्री थांबली. सरांनी गुडघ्यावरचा पट्टा उगीच घट्ट केला. ‘थोडं बघवत नव्हतंच,’ ते म्हणाले. ‘तीस वर्षांचं काम. तू काय समजलीस, मी संत आहे?’

‘मग तुम्ही स्वतः का नाही गेलात? किल्ली तुमच्याकडेच होती.’

ते खिडकीकडे वळले. खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ‘कारण तो उलटा निघावा असं मला फार वाटत होतं,’ ते म्हणाले. ‘ज्याला इतकं वाटतं त्याने बघू नये. त्याला तसंच दिसतं. आणि खरंच निघाला असता, तर लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याने पोरीचा काटा काढला. म्हणून मी सही केली आणि त्या सभेत ते भाषण केलं. मला वाटलं, काय आपलं मन मोठं. मोठं बिठं काही नव्हतं. घाबरलो होतो.’

मी एका कारणासाठी गेले नव्हते, सर बरोबर उलट कारणासाठी गेले नव्हते, आणि मध्ये तो मीटरभर गाळ अठरा वर्षं आपल्या जागी गार पडून होता. काकूंनीच विचारलं, ‘तो आलेख आणलायस का?’ आणला होता. त्यांनी टेबल झटकलं, बाही बाजूला केली. मी सातव्या तुकड्याएवढी पट्टी कात्रीने कापली, खालचं टोक वर केलं आणि मोकळ्या जागेत ठेवली. जुळेना. रेघ भलतीकडेच गेली, डावीकडची उजवीकडे. सर पुढे वाकले होते. ते हळूच मागे टेकले. ‘नाही,’ ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा काही उतरला की मला माझ्याच दाताचा राग आला.

‘फिरवलंस तू ते,’ काकू म्हणाल्या. ‘उलटायचं असतं. फिरवणं वेगळं, उलटणं वेगळं. आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या मुली हेच करतात, मग दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात.’ त्यांनी पातळ कागद पट्टीवर ठेवला, रेघ गिरवली, कागद पालथा घातला, आता खालचं वर आणि डावीकडचं डावीकडेच, आणि तो मोकळ्या जागेत सरकवला. आठव्या तुकड्यातून येणारी रेघ सातव्याच्या खालच्या टोकाला भिडली, वर चढत गेली आणि सहाव्याला भिडली. दात नव्हता. एकच लांब चढण होती, घाटातल्या रस्त्यासारखी, कुठे धक्का न बसणारी.

सरांनी हात लांब केला पण कागदाला लावला नाही. ‘हे काही खरं नाही,’ ते शेवटी म्हणाले. ‘कागदाचं काय, तो ठेवाल तसा बसतो. गाळ बघायला हवा.’ मग मला म्हणाले, ‘त्या तुकड्यात वाळूचा थर होता ना एक? दोन बोटं जाडीचा?’ होता. समुद्राखाली कधीतरी उतार ढासळला की वाळू आणि चिखल मिसळून येतात, आणि तळाशी बसताना जाड दाणे आधी बसतात, बारीक मागाहून; गढूळ पाण्याचा पेला ठेवून दिला तर होतं तसं. जाड खाली, बारीक वर. समुद्र काही यात चूक करत नाही. माझ्या अर्ध्यातला तो थर मी तेव्हाच चमच्याने सगळा खरवडून चाळायला घेतला होता. राखीव अर्ध्यात तो अजून असणार.

‘सोमवारी येतो मी,’ सर म्हणाले.

‘गुडघे?’ काकू म्हणाल्या.

‘तेही येतील.’

सोमवारी ते टॅक्सीने आले, काठी टेकत, काकूंनी बळजबरीने घातलेली लोकरी टोपी घालून. भांडारात बाराही महिने फ्रिजमधल्याइतकी थंडी असते. भांडार सांभाळणारे काका दारावरच्या खुंटीवरून जाड कोट काढून देतात; वीस वर्षं ते हे कोट देतायत आणि परत घेतायत. त्यांनी सरांना ओळखलं, वाकून नमस्कार केला, वहीत आमच्या दोघांच्या सह्या घेतल्या. मांडणीतून तबक काढून त्यांनी ते लांब टेबलावर ठेवलं. प्लास्टिकचा कागद सोलला तेव्हा ओल्या पाटीचा, जुन्या विहिरीचा वास आला. करडा हिरवट गाळ, काठाला भेगाळलेला, मध्यभागी अजून ओलसर. बाहेरच्या नळीवर काळ्या शाईचा बाण होता. अक्षर माझंच, पण किती घाईचं, किती गोल गोल. त्या मुलीला मी ओळखलं आणि तिच्यावर रागवावंसं मला अजिबात वाटलं नाही. तिच्या खिशात लिंबू होतं, तिला मळमळत होतं, तिने टोपणं लावली. तेवढंच. पुढचं सगळं मी केलं होतं.

वाळूचा थर तिथे होता, मधोमध, फिकट. मी भिंग उचललं आणि सरांपुढे धरलं. त्यांनी मान हलवली. ‘मी नाही. तूही नको. आपण दोघंही या बाबतीत भरवशाची माणसं नाही.’ त्यांनी काकांकडे वळून बघितलं. ‘तुम्ही बघा.’

‘मी?’ काका म्हणाले. ‘मला यातलं काय कळतं, सर?’

‘म्हणूनच. बाणाच्या टोकाकडची बाजू ती वरची. त्या वाळूत जाड दाणे वरच्या बाजूला आहेत का खालच्या, एवढंच सांगा. जे असेल ते.’

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, भिंग डोळ्याला लावलं आणि वाकले. फार वेळ वाकून राहिले. मला गारव्याच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती, आणि सरांच्या काठीच्या रबराचा फरशीवर होणारा बारीकसा आवाज. माझे हात कोटाच्या लांब बाह्यांत होते आणि ते गरम होते, हे मला तेव्हा विचित्र वाटलं. दोन्हीपैकी काहीही सांगितलं तरी चालेल, असं वाटण्याच्या जवळपास मी पोचले होते. पूर्ण पोचले नव्हते.

‘वर जाड,’ काका म्हणाले. ‘मिठाच्या खड्यासारखे. खाली पिठासारखं होत गेलंय.’ त्यांनी मान वर केली, आमच्या दोघांच्या तोंडांकडे पाहिलं. ‘काही चुकलं का?’

‘तुमचं नाही,’ मी म्हणाले.

मग मी बघितलं. मग सरांनी. त्यांनी एकदा बघितलं, भिंग पुसलं, परत बघितलं, आणि काकांनी सरकवलेल्या स्टुलावर बसले. त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं, आणि झाला असता तर मी तो त्यांना मनापासून दिला असता. पण ते नुसते बसून राहिले, टोपी डोळ्यांवर आलेली, दोन्ही हात काठीवर.

‘फार वाईट वाटतंय का तुला?’ त्यांनी विचारलं.

मी शोधून बघितलं. ‘वाटायला हवं तेवढं नाही वाटत, सर.’

‘मलाही वाटायला हवं तेवढं चांगलं नाही वाटत,’ ते म्हणाले. ‘पण आता कसं, मोकळं वाटतंय. समुद्राचं नीट लागलं.’ आणि जरा वेळाने, काकांना ऐकू जाऊ नये अशा बेताने, म्हणाले, ‘तू येत जा गं. घड्याळ न घालता येत जा.’

मी मान हलवली. बराच वेळ एकाच खांद्यावर घेतलेलं ओझं उतरलं की दुसराही खांदा हलका होतो, तसं झालं होतं. काका तबकाला कागद गुंडाळायला लागले आणि त्यांनी विचारलं, ‘मग आता हा सरळ करून ठेवायचा का?’ नियम असा आहे की जुनं काही खोडायचं नाही. मी कोरं कार्ड मागितलं. त्यावर लिहिलं, की हा तुकडा मूळ बाणाच्या उलट वाचावा, बाण माझ्या हातून चुकला आहे. खाली तारीख घातली, सही केली. सरांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि म्हणाले, काकांचीही घ्या, शोध त्यांचा आहे. काकांनी संकोचून, पण वळणदार अक्षरात सही केली.

सरांना टॅक्सीत बसवून मी फाटकाजवळच उभी राहिले. पत्राखाली नंबर होता. पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला, जणू माणूस तो हातातच घेऊन बसला होता. मी माझं नाव सांगितलं. पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला.

‘मॅडम, माझी चूक असू शकते,’ तो घाईघाईने म्हणाला. आवाज अगदी कोवळा नव्हता, दमलेला होता. ‘आमच्या विभागप्रमुखांनी सांगितलं होतं, पत्र पाठवू नकोस म्हणून. मी परत सगळी कवचं मोजतो. तुम्ही रागावला असाल तर...’

‘तुमचं बरोबर आहे,’ मी म्हणाले. ‘तुकडा उलटाच आहे. आज बघितला. निबंध मी मागे घेते आहे. आणि नवा लिहायचा, तर तुमच्या गाभ्याशी जोडून दोघांनी मिळून लिहू. तुमचं नाव आधी.’

मला वाटलं फोन तुटला. रस्त्यापलीकडे एक माणूस दुकानाची काच वरून खाली पुसत होता, सावकाश, एकेक पट्टा.

‘मॅडम,’ शेवटी तो म्हणाला, ‘सहा दिवस मी धड जेवलो नाहीये.’

‘मग आज जेवा,’ मी म्हटलं, आणि तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं की मलाही सपाटून भूक लागली आहे.